सुट्टीनंतरचा खांदा

गुडघे बदललेली माणसे आता गावोगावी भेटतात, पण खांद्याचा सांधा बदललेला माणूस शोधूनच काढावा लागतो. तो सांधा निकामी होऊन दुसऱ्यांदा बदलावा लागलेले रुग्ण आणखी थोडे, आणि या दुसऱ्या ऑपरेशननंतर परत दवाखान्यात भरती व्हावे लागलेले त्याहून थोडे. एवढ्या मोजक्या माणसांसाठी वेगळा अभ्यास कशाला, असे नवख्या वाचकाच्या मनात येईल. पण रुग्णाला सुट्टी दिल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न इथे जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो.

1893 साली पॅरिसमध्ये ज्यूल्स एमिल पेआँ यांनी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. सुमारे दोन वर्षांनी जंतुसंसर्गामुळे तो काढावा लागला. या शस्त्रक्रियेच्या इतिहासाची सुरुवातच अशी दुसऱ्या ऑपरेशनने झाली आहे. पुढे 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी आधुनिक सांधा घडवला. 1985 मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी त्याची रचनाच उलटी केली: गोळा खवाट्याच्या बाजूला, वाटी दंडाच्या हाडावर. खांद्याच्या आतले स्नायुबंध फाटलेले असले तरी वरच्या डेल्टॉइड स्नायूच्या जोरावर हात उचलता येऊ लागला. दुसऱ्यांदा सांधा बदलताना आज बहुधा हीच उलटी रचना वापरतात.

मला मात्र या विषयाचे खरे पूर्वज वाटतात ते बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन. खांद्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1934 चा. त्याआधीच त्यांनी आग्रह धरला होता की प्रत्येक रुग्णाचा शेवटी काय परिणाम झाला हे रुग्णालयाने शोधावे, आणि तो वाईट असेल तर कारणासकट जाहीर करावे. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून 1911 ते 1916 या काळात सुट्टी झालेल्या 337 रुग्णांमागे 123 चुका त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांची नाराजी त्यांना सोसावी लागली. खांद्याचा अभ्यासक आणि परिणामांचा पाठपुरावा करणारा माणूस एकच असावा, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरे ऑपरेशन अवघड का? पहिल्या वेळच्या व्रणाने स्नायू एकमेकांना चिकटलेले असतात, नस ओळखीच्या जागी सापडेलच असे नाही, वाटीकडचे हाड झिजलेले असते. दंडाच्या हाडात सिमेंटने घट्ट बसलेला दांडा काढताना हाड फुटू शकते. शिवाय वय वाढलेले असते आणि सोबत मधुमेह, हृदयविकार असतात. त्यातून सांधा निखळणे, जखम चिघळणे, छातीत कफ होऊन न्यूमोनिया, शिरेत रक्ताची गाठ अशी कारणे रुग्णाला परत आणतात.

आता मोजणीकडे वळू, कारण नवा अभ्यासक इथेच घसरतो. अमेरिकेत ऑक्टोबर 2012 पासून काही ठरावीक आजारांसाठी 30 दिवसांच्या आतल्या पुनर्भरतीवरून रुग्णालयांचे पैसे कापले जातात. पुढे गुडघा आणि खुबा त्यात आले. त्यामुळे 30 दिवस हे माप सगळीकडे रुळले. खांद्याला ते अपुरे पडते. त्वचेच्या तैलग्रंथींत राहणारा क्यूटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू खांद्यातल्या कृत्रिम सांध्याचा मोठा शत्रू. तो इतका हळू वाढतो की प्रयोगशाळेत नमुना दहा ते चौदा दिवस ठेवावा लागतो. ताप नाही, पू नाही, फक्त दुखत राहते. आणि निदान व्हायला कित्येक महिने, कधी वर्षे जातात. महिनाभराच्या मापात हा रुग्ण सुखरूप ठरतो. उलट, संसर्गासाठी दोन टप्प्यांत ऑपरेशन ठरले असेल तर दुसरी भरती आधीच ठरलेली असते, तिला अपयश म्हणता येत नाही. आणि जो घरीच दगावला तो ‘परत आला नाही’ या रकान्यात जातो. मृत्यू वेगळे न मोजणारा आकडा माझ्या मते वापरूच नये.

हा प्रश्न आपल्या मातीत पाहायचा तर वर्धा जिल्ह्यातल्या जामला यावे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावाहून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. इथल्या माणसाला उत्तरेला नागपूर, दक्षिणेला हिंगणघाट, वरोऱ्यावरून चंद्रपूर आणि जिल्ह्यातच सेवाग्राम आणि सावंगीची रुग्णालये. खांद्याचे ऑपरेशन नागपुरात झाले आणि पंधराव्या दिवशी ताप चढला, तर तो जवळच्या दवाखान्यात जाईल, किंवा जावई राहतो त्या गावी. नागपूरच्या नोंदीत तो बरा झालेला असेल. शेतीचा हंगाम असेल, गाडीभाड्याला पैसे नसतील, तर तो कुठेच जाणार नाही. आणि पुनर्भरतीचे प्रमाण कमी दिसल्याचे समाधान कोणाला तरी मिळेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यातही एका राज्यातल्या भरत्या जोडता येतात, राज्याची हद्द ओलांडली की धागा तुटतो. आपल्याकडे तो रुग्णालयाच्या फाटकाशीच तुटतो.

तरी पाठपुराव्याची परंपरा याच भागात आहे. 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घराघरांत जाते. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घेण्याची पद्धत सिद्ध केली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात. बाळासाठी जे जमते ते म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यासाठी का जमू नये?

अस्थिरोगाच्या तरुण निवासी डॉक्टरांना म्हणून एकच विनंती. मोठ्या माहितीसाठ्याची वाट पाहू नका. सुट्टीच्या कागदावर रुग्णाचा, त्याच्या मुलाचा आणि एका शेजाऱ्याचा असे तीन फोन नंबर लिहून घ्या. तिसाव्या दिवशी, नव्वदाव्या दिवशी आणि वर्ष भरल्यावर फोन करा, आणि विचारा: हात किती वर जातो, रात्री झोप लागते का, मधल्या काळात कोणत्या दवाखान्यात जावे लागले. मिळालेले उत्तर, मग ते आपल्या विरुद्ध असले तरी, लिहून ठेवा.