१९२ मतं

माणदेशात सालं आकड्यांनी लक्षात राहत नाहीत, दुष्काळांनी राहतात. आमची आजी १९६२ ची विधानसभा सांगायची तीही तशीच: "पेनूरचं वकीलसाहेब पयल्यांदा उभं राह्यलं, तवा हिरीनं तळ गाठलावता." पेनूर मोहोळ तालुक्यातलं. तिथले गणपतराव देशमुख सांगोल्यात आले आणि लाल बावट्यावर निवडून गेले. त्या निवडणुकीत राज्यातल्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे होत्या. सांगोला तालुक्यातल्या बड्या घराण्यांच्या समोर शेतकरी कामगार पक्षाचा एक बाहेरगावचा वकील टिकला, हे आजच्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही.

आजी त्यांना पुढं कायम आबासाहेबच म्हणाली. "यष्टीनं यायचं, बाभळीखाली बसून आपल्यातलीच भाकरी खायाचं." एवढं सांगताना तिचा हात आपसूक परातीतल्या पिठाकडं जायचा.

पण या मतदारसंघानं त्यांना डोळे झाकून मतं दिली, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. १९७२ ला लोकांनी त्यांना पाडलं. त्याच वर्षी पाऊस गेला. आजी, तिची जाऊ, दोघी खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. पोरं सुकडीच्या रांगेत. १९७४ ची पोटनिवडणूक आली आणि आबासाहेब परत निवडून आले. मग ७८, ८०, ८५, ९०. बहुतेक काळ विरोधी बाकावर. मंत्रिपद १९७८ च्या पुलोद सरकारमध्ये आणि पुन्हा १९९९ ला, तेही थोडकंच. तालुक्यातली माणसं त्यांच्याकडून मागत होती ते पाणी. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषद भरवली, तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी हवं म्हणून. त्या चळवळीत आबासाहेब पुढं होते. आमचे थोरले चुलते ट्रकमध्ये उभे राहून आटपाडीला जायचे, धोतराच्या सोग्यात भाकरी बांधून.

आणि तरीही १९९५ ला आबासाहेब पडले. शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, १९२ मतांनी. हा आकडा तालुक्यात अजून पुसला गेलेला नाही. ज्या वस्तीवर जावं तिथं त्याचा वेगळा हिशोब. आमचे चुलते म्हणायचे, "भावकीतले दोन कोयते कारखान्यावर. चार मतं तिथंच गेली." एक कोयता म्हणजे ऊसतोडीला गेलेली नवरा-बायकोची जोडी. शेजारची म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला पंढरपुरात अडकलेली. कुणाचा सोयरा मेलेला. हे सगळे हिशोब जोडले तर १९२ कितीदा तरी भरतील! मला मात्र यातलं एकही माणूस खोटं वाटत नाही. पराभव आपल्या दारातून गेला असं मनापासून मानणारी माणसं कुठल्याही पक्षाला नशिबानंच मिळतात.

१९९९ ला त्याच माणसांनी आबासाहेबांना परत आणलं. २०१४ ची त्यांची जीत अकरावी होती, आणि सगळ्या एकाच मतदारसंघातून. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि शहाजीबापूंकडूनच ७६८ मतांनी पडले. तालुक्याला आणखी एक आकडा मिळाला. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले.

२०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला होतं. गाळप नुकतंच सुरू झालेलं, गाड्या भरायला लागलेल्या. चुलते आता थकलेत, पण काठी टेकत ऊसतोडीच्या मुकादमाच्या दारात गेले. "मतदान झाल्याबिगर गाडी हलायची न्हाई," एवढंच म्हणाले आणि त्याच्या ओट्यावर बसून राहिले. मुकादमानं चहा पाजला, उचल घेतलेल्यांची यादी दाखवली, कारखान्याचे फोन येतायत म्हणून सांगितलं. चुलते उठले नाहीत. गाडी २० तारखेच्या संध्याकाळी, शाई लागलेली बोटं घेऊन गेली. आबासाहेबांचे दुसरे नातू, बाबासाहेब, शहाजीबापूंना हरवून निवडून आले. आठवड्याभरात चुलत्यांनी माझ्याकडून त्यांना पत्र लिहून घेतलं. पत्रात अभिनंदन एका ओळीत होतं. बाकी सगळं आमच्या शिवारातल्या फाट्याला पाणी कधी सुटणार, याबद्दल.