क्यूबिट, टॉमस

क्यूबिट, टॉमस : (२५ फेब्रुवारी १७८८–२० डिसेंबर १८५५). इंग्लंडमधील बांधकाम कंत्राटदार व जमीन-विकासक. लंडनच्या पश्चिम भागातील बेलग्रेव्हिया व त्याला लागून थेम्स नदीपर्यंत पसरलेले पिम्लिको या दोन वस्त्यांची उभारणी प्रामुख्याने त्याच्या नावावर आहे. जन्म नॉरफोक परगण्यातील बक्स्टन येथे. वडील सुतार. टॉमसनेही तोच धंदा उचलला. तरुणपणी जहाजावरचा सुतार म्हणून त्याने हिंदुस्थानची सफर केली आणि त्या कमाईच्या भांडवलावर १८१० च्या सुमारास लंडनमधील होबर्न भागात स्वतःचे दुकान थाटले.

त्याच्या नावाबाबत नेहमी घोळ होतो, म्हणून येथेच स्पष्ट केलेले बरे. धाकटा भाऊ विल्यम (१७९१–१८६३) हाही कंत्राटदार होता. पुढे तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला व आयल ऑफ डॉग्जवरील क्यूबिट टाउन ही वस्ती त्याची. दुसरा भाऊ ल्यूइस याने किंग्ज क्रॉस रेल्वे स्थानकाचा (१८५२) आराखडा केला. क्रिस्टल पॅलेसच्या उभारणीवर देखरेख करणारे अभियंते सर विल्यम क्यूबिट (१७८५–१८६१) हेही नॉरफोकचेच, पण या घराण्यातले नव्हेत.

कारखाना : त्या काळी लंडनमध्ये घर बांधायचे म्हणजे गवंडी, सुतार, लोहार, नळकारागीर, रंगारी यांच्याशी मालकाने वेगवेगळे ठराव करायचे, किंवा त्यांपैकी एकाने काम अंगावर घेऊन उरलेल्यांना पोटकंत्राटे द्यायची अशी रीत होती. एकाने दिरंगाई केली की पाठचे सगळे खोळंबत. फिन्सबरी सर्कस येथील लंडन इन्स्टिट्यूशनच्या इमारतीचे काम (१८१५ पासून) घेतल्यावर क्यूबिटला याचा पुरता अनुभव आला. मुदत आणि किंमत दोन्ही आधी ठरलेली होती आणि पोटकंत्राटदारांवर त्याचा ताबा नव्हता. त्यावर त्याने ग्रेज इन रोडवर जागा घेऊन कार्यशाळा उभारल्या व सर्व प्रकारचे कारागीर कायम पगारावर एका छपराखाली आणले. इतक्या मोठ्या प्रमाणावर असे करणारा लंडनमधील तो पहिला, असे सामान्यतः मानले जाते. ‘पहिला’ या शब्दावर फार भर देऊ नये. पण पुढच्या पिढीतील मोठ्या कंत्राटदारांनी हीच घडी उचलली, हे खरे.

कायम पगाराचा एक परिणाम अटळ होता. कंत्राट असो वा नसो, शनिवारी पगार द्यावाच लागे. गिऱ्हाईक नसताना माणसांना काम पुरवायचे तर स्वतःच जमीन घ्यावी, स्वतःच घरे बांधावी आणि नंतर विकावी किंवा भाड्याने द्यावी, या हिशेबातून तो जमीन-विकासाकडे वळला. हायबरी, बार्न्सबरी व न्यूइंग्टन ग्रीन येथील त्याची सुरुवातीची घरे अशीच उभी राहिली. १८२० नंतर त्याने ड्यूक ऑफ बेडफर्डच्या ब्लूम्सबरी येथील जमिनीवर टॅव्हिस्टॉक स्क्वेअर, गॉर्डन स्क्वेअर व वोबर्न प्लेस परिसरात कामे घेतली. १८२७ च्या सुमारास विल्यमबरोबरची भागीदारी मोडली. ग्रेज इन रोडचा कारखाना व कंत्राटी कामे विल्यमकडे गेली आणि टॉमस जमिनीच्या व्यवहाराकडे राहिला. १८३४ मध्ये लंडनच्या बांधकाम कामगारांच्या मोठ्या टाळेबंदीची ठिणगी याच कारखान्यात, एका दारूभट्टीच्या बिअरवरील बहिष्कारातून पडली. कारखाना तेव्हा विल्यमचा असल्याने तिचा हिशेब टॉमसच्या खाती धरावा की नाही, याबाबत एकवाक्यता नाही.

जमिनीची व्यवस्था : लंडनच्या उमराव घराण्यांनी जमीन सहसा विकली नाही, ती ९९ वर्षांच्या किंवा तशाच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. विकासक पहिली काही वर्षे नाममात्र भुईभाडे भरी, रस्ते व गटारे स्वखर्चाने करी, भूखंड पाडून लहान बांधकामदारांना वाढीव भुईभाड्याने देई आणि मधला फरक ही त्याची मिळकत ठरे. मुदत संपली की जमीन वरच्या इमारतींसह मूळ मालकाकडे परत जाई. (१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनेही दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने भूखंड दिले, पण तेथे मालक सार्वजनिक संस्था होती.) क्यूबिटचे वेगळेपण असे की लहान बांधकामदाराला तो नुसता भूखंड देऊन थांबत नसे. दर्शनी भागाचा आराखडा त्याच्या कचेरीतून जाई, विटा बहुधा त्याच्याच भट्टीच्या असत आणि भांडवल कमी पडले तर कर्जही तोच देई. १८२५ च्या आर्थिक पेचात लंडनमधील अनेक बांधकामदार बुडाले. क्यूबिट तगून राहिला.

बेलग्रेव्हिया : येथील ‘फाइव्ह फील्ड्स’ ही जमीन ग्रोव्हनर घराण्याची होती. भाजीचे मळे, दलदल आणि चिकणमाती, असा तो मुलूख होता. वेस्टबोर्न ओढ्याचे पाणी या सखल भागातून थेम्सकडे जाई. चौथ्या जॉर्ज राजाने १८२५ पासून शेजारचे बकिंगहॅम हाउस राजवाडा म्हणून बांधून घेण्यास सुरुवात केली आणि या चिखलाला एकाएकी भाव आला. क्यूबिटने अर्ल ग्रोव्हनरशी त्याआधीच बोलणी सुरू केली होती. जमिनीचा निचरा करून पातळी उंचावण्यासाठी १८२६ मध्ये संसदेचा स्वतंत्र कायदा करून घेण्यात आला.

त्याने केलेली युक्ती अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाणी धरून ठेवणारा वरचा चिकणमातीचा थर त्याने खणून काढला आणि जागेवरच भट्ट्या लावून त्याच्या विटा पाडल्या. त्याखाली पाणी झिरपणारी वाळू-खडी लागली. राहिलेले खड्डे बाहेरून आणलेल्या मातीने भरून काढले. म्हणजे ज्या मातीमुळे जमीन निरुपयोगी होती, तिचीच घरे झाली. भरावाची बरीच माती लंडनच्या पूर्वेकडील सेंट कॅथरिन गोदीच्या (१८२७–२८) खोदाईतून नदीमार्गे आली. त्या गोदीसाठी सुमारे ११,३०० माणसांची घरे पाडली गेली, असा आकडा दिला जातो. पूर्वेकडील गरिबांच्या घरांखालची माती पश्चिमेकडील श्रीमंतांच्या घरांखाली आली, याचा उल्लेख इंग्रजी ग्रंथांत बहुधा भरावाच्या संदर्भातच येतो.

पायासाठी सबंध जमीन खोल खणण्याऐवजी रस्ताच भराव घालून उंच करायचा, अशी लंडनमधील पद्धत होती व क्यूबिटने ती येथे सलग, मोठ्या क्षेत्रावर राबवली. त्यामुळे घराचे तळघर मूळ जमिनीच्या पातळीजवळ राही, समोर उजेडासाठी खोलगट मोकळी जागा सुटे व पदपथाखाली कोळशाच्या कमानदार कोठड्या निघत. मुख्य म्हणजे रस्त्याखालच्या गटाराला उतार मिळे. घरे बांधून झाल्यावर गटाराचा विचार करण्याची जी सर्वसाधारण चाल होती, तिच्या उलट हा क्रम होता : आधी गटार, मग रस्ता, मग भूखंड.

बेलग्रेव्ह स्क्वेअरच्या चारही बाजूंच्या घरांच्या रांगा वास्तुविशारद जॉर्ज बसेव्ही याच्या आहेत. भांडवल हॅल्डिमंड या पेढीवाल्यांच्या गटाचे व बांधकाम क्यूबिटचे. ईटन स्क्वेअरचे काम १८२७ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दशके, चालले. या भागातील काही जमीन सेथ स्मिथ या दुसऱ्या विकासकाकडे होती. सर्व बेलग्रेव्हिया क्यूबिटचे, हे लोकप्रिय विधान म्हणूनच सैलपणे घ्यावे.

पिम्लिको : मुख्य बांधकाम १८३५ नंतरचे. एक्लस्टन स्क्वेअर व वॉरिक स्क्वेअर येथील गिलाव्याच्या पांढऱ्या घरांच्या रांगा बेलग्रेव्हियाच्याच धर्तीच्या, पण उमराव इकडे फारसे आले नाहीत. पुढे अनेक घरांच्या खोल्या सुट्या भाड्याने गेल्या. १८६० मध्ये उघडलेल्या व्हिक्टोरिया स्थानकाने या भागाला एका बाजूने कायमचे वेढले.

वास्तुशैली : इटालियन वळणाची.

सांडपाणी व नदी : क्यूबिटच्या चरित्रात या विषयाला क्वचितच पुरेशी जागा मिळते. १८४० मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने सांगितलेला आशय असा : पूर्वी लंडनमध्ये घरोघरी मैलाखड्डे होते, ते बंद करून मैला गटारांत सोडल्यामुळे आता थेम्स हाच सर्वांचा मिळून एक मोठा मैलाखड्डा झाला आहे. ही साक्ष गटारे बांधण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची होती आणि ती गटारेही त्याच नदीत उतरत होती. १८४३ मध्ये त्याने या प्रश्नावर पुस्तिका काढून सांडपाणी शहराबाहेर पूर्वेकडे वाहून नेण्याची दिशा सुचवली. सांडपाणी नदीत पडण्याआधीच अडवून पूर्वेकडे नेणाऱ्या, अभियंता जोसेफ बॅझलजेट याच्या अडवगटारांचे काम प्रत्यक्षात १८५९ मध्ये, क्यूबिटच्या मृत्यूनंतर सुरू झाले. पिम्लिकोलगत नदीकाठी सुमारे ३,००० फूट लांबीचा बंधारा त्याने बांधला. कारखान्यांच्या धुराविरुद्धही तो आग्रही होता व धूर जाळून टाकणारी भट्टीची रचना त्याने आपल्याच कारखान्यात बसवली. पलीकडच्या तीरावरील बॅटरसी पार्कच्या कल्पनेचा तो एक प्रमुख पुरस्कर्ता होता.

थेम्स बँक कारखाना : पिम्लिकोच्या नदीकाठावर त्याने नवा, यंत्रांनी सुसज्ज कारखाना उभारला, तेथे सुमारे हजार माणसे कामाला होती. कामगारांसाठी ग्रंथालय, मुलांसाठी शाळेची खोली आणि गरम सूप व कोको यांची सोय होती. ऑगस्ट १८५४ मध्ये कारखाना आगीत भस्मसात झाला. कामगारांची हत्यारेही त्यात गेली. नव्या हत्यारांसाठी त्याने ६०० पौंड देऊ केले आणि आठवड्याच्या आत काम पुन्हा सुरू होईल, असा निरोप पाठवला, अशी आठवण नमूद आहे. केंटमधील बरहॅम येथे त्याने यंत्राने विटा पाडण्याचा कारखानाही काढला.

राजघराण्याची कामे : आयल ऑफ वाइटवरील ऑस्बर्न हाउस (१८४५–५१) प्रिन्स ॲल्बर्ट व क्यूबिट यांनी स्वतंत्र वास्तुविशारद न नेमता उभारले. तेथे आगीपासून संरक्षणासाठी लोखंडी तुळया व विटांच्या कमानी यांच्या तक्तपोशी आहेत. बकिंगहॅम राजवाड्याची पूर्वेकडील बाजू (१८४७–५०) एडवर्ड ब्लोर याच्या आराखड्यानुसार त्याने बांधली, आणि तिच्यासमोरून हलवलेली मार्बल आर्च कमान १८५१ मध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर पुन्हा उभी केली. १८५१ च्या भव्य प्रदर्शनाच्या हमीदारांतही तो होता.

इतर कामे : क्लॅपम पार्क (सुमारे २३० एकर, १८२५ पासून). ब्राइटनमधील केंप टाउनची बरीच घरे.

कुटुंब : पत्नी मेरी ॲन वॉर्नर (विवाह १८२१).

मृत्यू सरे परगण्यातील डॉर्किंगजवळ डेन्बीज या स्वतः बांधलेल्या घरी झाला. मृत्युपत्र ३८६ फोलिओंचे होते आणि तोवर नोंदवलेल्या मृत्युपत्रांत ते सर्वांत लांब असल्याचे सांगितले जाते. जंगम मालमत्ताच दहा लाख पौंडांहून अधिक भरली. पुत्र जॉर्ज याला १८९२ मध्ये बॅरन ॲशकंब ही पदवी मिळाली. राणी कॅमिला या आईकडून याच वंशातील. हर्माइनी हॉबहाउस यांचे चरित्र (१९७१) प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या कामाकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष गेले. पिम्लिकोतील डेन्बी स्ट्रीटवर १९९५ मध्ये त्याचा पुतळा बसवण्यात आला. पिम्लिकोची जमीन ग्रोव्हनर घराण्याने १९५० च्या सुमारास विकली. बेलग्रेव्हियाचा मोठा भाग मात्र अद्याप त्याच घराण्याच्या मालकीचा आहे.