कॅसेट भरणे

कॅसेट भरणे : निरनिराळ्या ध्वनिमुद्रिका, कॅसेटी किंवा रेडिओ यांवरील आवडीची गाणी निवडून ती ठरवलेल्या क्रमाने एका कोऱ्या कॅसेटवर उतरवणे. अशी कॅसेट स्वतःसाठी भरत, तशीच मित्राला, बहिणीला किंवा प्रिय व्यक्तीला भेट देण्यासाठीही भरत. गाणी इतरांची असली, तरी निवड आणि क्रम भरणाऱ्याचा असतो. त्यामुळे ही केवळ नक्कल ठरत नाही. श्रोत्याने स्वतः काही घडवण्याचा हा प्रकार असून संगीताच्या इतिहासात त्याची दखल त्याच नात्याने घ्यायला हवी.

पार्श्वभूमी : फिलिप्स कंपनीत लू ऑटन्स यांच्या नेतृत्वाखाली बेल्जियममधील हॅसेल्ट येथे विकसित झालेली कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. तिच्यातील फीत सुमारे ३.८१ मिमी. रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंमी. वेगाने सरकते. त्यापूर्वी गाण्यांचा क्रम सामान्य श्रोत्याच्या हातात नव्हता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर प्रत्येक बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत आणि लाँग-प्ले तबकडीवरचा क्रम कंपनी ठरवी. रिळांच्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरता येत, पण ते यंत्र अवजड आणि महाग होते. कॅसेटने हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले.

भारतात आखातातून येणारे टू-इन-वन (रेडिओ व कॅसेट एकत्र असलेले यंत्र) आणि पुढे देशी बनावटीचे संच यांमुळे कॅसेट मध्यमवर्गीय घरांत पोचली. १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्ससारख्या कंपन्यांनी कॅसेटी खूप स्वस्त केल्या. या स्थित्यंतराचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात केला आहे. तयार कॅसेटीत मात्र आवडत्या एका गाण्यासोबत नावडती चारही घ्यावी लागत. शिवाय जुनी भावगीते, नाट्यपदे आणि दुर्मिळ चित्रपटगीते बाजारात सहज मिळतच असे नाही. ही उणीव भरलेल्या कॅसेटने दूर केली.

कृती : प्रथम यादी, मग वेळेचा हिशेब. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटे आणि सी-९० च्या एका बाजूला ४५ मिनिटे बसतात. साडेतीन मिनिटांची आठ गाणी घेतली तर २८ मिनिटे होतात. दोन गाण्यांमध्ये चार सेकंदांची शांतता ठेवली, तर त्यांत २८ सेकंदांची भर पडते. उरलेल्या दीड मिनिटात नववे गाणे मावत नाही. अशा वेळी एखादे गाणे बदलून लांबीने मोठे घ्यावे, छोटी वाद्यधून टाकावी किंवा जागा कोरी सोडावी. गाणे मध्येच तुटू देणे हा मोठा दोष समजला जाई. सी-१२० ची फीत फार पातळ असल्याने ती यंत्रात गुंतण्याची भीती असे, म्हणून जाणकार ती टाळत.

फितीच्या सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर आवाज उमटत नाही. त्यामुळे चक्राच्या दात्यांत पेन्सिल घालून ती पट्टी पुढे सरकवून घेत. यंत्राचे हेड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसत. दोन कॅसेटींच्या डेकवर एकीवरून दुसरीवर थेट भरता येई, तबकडीवरून भरताना मात्र प्रत्येक गाण्याची आवाजपातळी नव्याने जुळवावी लागे. रेडिओवरून भरणारा ‘विविध भारती’ किंवा ‘आपली आवड’ चालू असताना पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसे. निवेदन संपून गाणे सुरू होण्याचा क्षण नेमका पकडण्यात खरे कसब होते. काम पूर्ण झाले की कॅसेटच्या कडेवरील प्लॅस्टिकची खूण मोडत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जात नसे. पुन्हा भरायचे झाल्यास त्या खाचेवर चिकटपट्टी लावत.

क्रम : मैफल भैरवीने संपवण्याची आपल्याकडची रीत क्रम लावतानाही उपयोगी पडते. किशोरी आमोणकर यांनी गायलेला भटियारातील ‘बोलावा विठ्ठल’ ए बाजूच्या आरंभी आणि भैरवीतील ‘अवघा रंग एक झाला’ बी बाजूच्या अखेरीस ठेवला, की अभंगांच्या कॅसेटला सकाळच्या रागापासून मैफलीच्या समारोपापर्यंतचा ओघ मिळतो. एकाच लयीची किंवा एकाच गायकाची गाणी लागोपाठ आली की कान कंटाळतो. ए बाजूचे शेवटचे गाणे असे हवे, की कॅसेट उलटून लावण्याची इच्छा व्हावी.

दुकानातील भरणा : ज्यांच्याकडे साधने नव्हती, ते गाणे, चित्रपट आणि गायक यांची नावे लिहिलेली यादी कॅसेटच्या दुकानात देत. दुकानदार आपल्या संग्रहातून गाणी शोधून कॅसेट भरून देई. संग्रह चोख असलेल्या दुकानदाराचा सल्ला गिऱ्हाइके मानत आणि ‘हे गाणे नाही, पण त्याच गायिकेचे हे ऐका’ या सुचवणीतून अनेकांची आवड घडत गेली.

कायदा : भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी वा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित व्यवहाराला सूट आहे. परवान्याशिवाय प्रती काढून विकणे या सवलतीत बसत नाही. जर्मनीने १९६५ च्या कायद्यात ध्वनिमुद्रण यंत्रांच्या किमतीवर कलावंतांसाठी मोबदला आकारण्याची सोय केली. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिका उद्योगाने १९८१ मध्ये घरगुती मुद्रणाविरुद्ध मोहीम काढली.

पुढील रूपे : घरी लिहिता येणाऱ्या सीडीवर ८० मिनिटे, तर एमपी-३ सीडीवर शंभराहून अधिक गाणी मावू लागली. नंतर मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. सारेगामाच्या ‘कारवाँ’ (२०१७) या संचात ५,००० गाणी आधीच भरलेली होती, मात्र त्यांची निवड कंपनीची होती. आजच्या प्लेलिस्टला लांबीची मर्यादा जवळपास नसल्याने काही वगळण्याची गरज उरत नाही आणि निवडीची धार बोथट होते. ३० मिनिटांची अट स्वतःवर घालून यादी केली, तर तीच शिस्त आजही साधता येते.

जतन : फितीवरील चुंबकीय थर काळानुसार खराब होतो, म्हणून घरातील भरलेल्या कॅसेटी वेळीच संगणकावर उतरवाव्यात. गाणी सुटी करण्याआधी प्रत्येक बाजू सलग मुद्रित करावी आणि हाताने लिहिलेल्या यादीच्या कार्डाचे छायाचित्र काढावे. सुटी गाणी अन्यत्र मिळू शकतात. भरणाऱ्याने लावलेला क्रम, त्याचे हस्ताक्षर आणि रेडिओवरील निवेदकाचे मध्येच राहून गेलेले वाक्य मात्र त्या एकाच कॅसेटवर असते.