प्रोटॉनची त्रिज्या

प्रोटॉनमधील विद्युत् भार किती जागेत पसरला आहे, हे सांगणारी राशी. तिचे आज स्वीकृत मूल्य सुमारे ०.८४ फेमटोमीटर आहे. १ फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरच्या एक अब्जांशाचा हजारावा भाग. प्रोटॉनला ठाशीव कडा नसते. भाराची घनता बाहेरच्या बाजूस विरत जाते. म्हणून भाराच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी घेऊन तिच्या वर्गमुळाला त्रिज्या म्हणतात. कोणतेही उपकरण ही राशी थेट दाखवत नाही. मोजमापातून सिद्धांताने काढलेले इतर सर्व परिणाम वजा केल्यावर जे उरते, त्यातून ती मिळते. त्यामुळे येथे गणिताची अचूकता प्रयोगाच्या अचूकतेइतकीच निर्णायक असते.

पहिली पद्धत प्रकीर्णनाची. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे वेगवान इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर सोडले. प्रोटॉन बिंदुवत असता तर मोठ्या कोनांत जितके इलेक्ट्रॉन वळले असते, त्यापेक्षा कमी वळले; प्रोटॉनला आकारमान आहे हे त्यावरून सिद्ध झाले. अणुकेंद्रांवरील अशा संशोधनासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पद्धतीत प्रोटॉनला मिळणाऱ्या संवेगाच्या वर्गानुसार प्रकीर्णन कसे बदलते याचा आलेख काढतात आणि संवेग शून्य असताना त्याचा उतार किती, यावरून त्रिज्या ठरवतात. नेमके शून्यावर मात्र मापन करता येत नाही. आलेख तिथवर वाढवावा लागतो आणि त्यासाठी कोणते फलन निवडले यावर उत्तर बदलते. सदसत् फलनांच्या सिद्धांतावर आधारलेल्या विश्लेषणातून मेर्गेल, माइसनर व ड्रेक्सेल यांनी १९९६ मध्येच ०.८४७ फेमटोमीटर हे मूल्य काढले होते. त्याला मिळायला हवे होते तितके वजन तेव्हा मिळाले नाही.

दुसरी पद्धत वर्णपटाची. विलिस लँब व रॉबर्ट रेदरफर्ड यांनी १९४७ मध्ये हायड्रोजनच्या ज्या दोन पातळ्या डिरॅक समीकरणानुसार एकसमान असायला हव्या होत्या, त्यांत सुमारे १००० मेगाहर्ट्झचा फरक असल्याचे दाखवले. हान्स बेथे यांनी त्याच वर्षी त्याचे मुख्य कारण गणिताने मांडले आणि तेथून पुंज विद्युत् गतिकीचा आधुनिक विकास सुरू झाला. या फरकात प्रोटॉनच्या आकाराचाही अगदी अल्प वाटा असतो. एस-अवस्थेतील इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या आतही आढळू शकतो; तेथे आकर्षण थोडे कमी पडते आणि पातळी किंचित वर सरकते. मूळ अवस्थेसाठी ही सरक जेमतेम १ मेगाहर्ट्झ भरते, तर मूळ अवस्थेतून पुढच्या एस-अवस्थेत जाण्याची वारंवारता सुमारे २४६६ टेराहर्ट्झ आहे. शिवाय पातळ्यांचे एकंदर माप ठरवणारा रिडबर्ग स्थिरांकही याच मापनांतून ठरत असल्याने किमान दोन वेगवेगळी संक्रमणे मोजावी लागतात.

इलेक्ट्रॉनच्या जागी त्याच्यासारखाच पण जड असलेला म्यूऑन हा कण घातला की चित्र पालटते. तो सुमारे २०७ पट जड असतो, त्यामुळे त्याची कक्षा सुमारे १८६ पट लहान होते आणि आकाराचा परिणाम या आकड्याच्या घनाइतका, म्हणजे साठ लाख पटींहून अधिक वाढतो. स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेत राँडॉल्फ पोल व सहकाऱ्यांनी असे अल्पायुषी अणू तयार करून लेसरने त्यांच्या पातळ्यांतील अंतर मोजले. २०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले मूल्य ०.८४१८ फेमटोमीटर होते. तोवरचे प्रमाणित मूल्य ०.८७७ च्या आसपास होते आणि माइंट्स येथील प्रकीर्णनाचे त्याच वर्षीचे निष्कर्षही त्याच्याच बाजूने होते. चार टक्क्यांचा हा फरक दोन्हींच्या त्रुटिमर्यादांत बसत नव्हता. म्यूऑन व इलेक्ट्रॉन प्रोटॉनशी वेगळ्या प्रकारे वागतात काय, अशी शंका घेतली गेली, आणि सिद्धांतातील प्रत्येक पद पुन्हा मोजले गेले. गणितात मोठी चूक सापडली नाही.

नंतर इलेक्ट्रॉनवरच्या मापनांचेही पारडे बदलले. गार्खिंग (२०१७) व टोरांटो (२०१९) येथील साध्या हायड्रोजनच्या प्रयोगांत आणि अमेरिकेतील जेफरसन प्रयोगशाळेच्या प्रकीर्णनात (२०१९) लहान त्रिज्याच मिळाली. पॅरिसच्या २०१८ मधील मापनात मात्र मोठी आली. २०१८ च्या आधारभूत स्थिरांकांच्या यादीत ०.८४१४ हे मूल्य घेण्यात आले.

ड्यूटेरियम व हेलियमच्या म्यूऑनी अणूंत हीच पद्धत वापरताना वेगळी अडचण येते. म्यूऑनच्या क्षेत्राने अणुकेंद्र स्वतःच क्षणभर विकृत होते आणि त्या विकृतीचा परिणाम केंद्रातील कणांमधील बलांवरून काढावा लागतो. २०१६ मध्ये म्यूऑनी ड्यूटेरियमवरून ड्यूटेरॉनची, म्हणजे ड्यूटेरियमच्या अणुकेंद्राची, त्रिज्या २.१२५६ फेमटोमीटर ठरली. तिच्यातील अनिश्चिततेचा मोठा भाग लेसरच्या मापनातून आलेला नसून अणुकेंद्रीय संरचनेच्या या गणनेतून आलेला आहे.