नाशिक शहर, परिसर आणि धोरणनिर्मितीतील स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासाचा विचार बहुधा शहराचा वेगळा आणि ग्रामीण भागाचा वेगळा असा केला जातो. प्रत्यक्षात शहराचे पाणी, भाजीपाला आणि मनुष्यबळ भोवतालच्या प्रदेशातून येते, तर त्या प्रदेशाची बाजारपेठ, शिक्षण आणि रोजगार शहरात असतात. युरोपीय देशांनी या परस्परावलंबनाची दखल संस्थात्मक पातळीवर घेतली. १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने ‘प्रदेश समिती’ निर्माण झाली आणि १९९४ पासून तिचे कामकाज सुरू झाले. नगरे व प्रदेश यांचे प्रतिनिधी तिचे सदस्य असतात. तिचा सल्ला बंधनकारक नसला तरी ठरावीक विषयांवर तो घेणे मात्र बंधनकारक आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने नाशिकच्या अनुभवाचा विचार केला आहे. शहर आणि परिसर यांच्या सामाईक प्रश्नांवर निर्णय कोणी घेतले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

वसाहतकाळ : दोन स्वतंत्र चौकटी

नाशिक नगरपालिकेची स्थापना १८६४ मध्ये झाली. १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात लोकल फंडाचा कायदा होऊन ग्रामीण भागातील रस्ते, शाळा इत्यादींसाठी वेगळा निधी उभा राहिला. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये जिल्हा व तालुका लोकल बोर्डांचा कायदा करण्यात आला. लोकांना कारभारात सहभागी करून घेण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल होते, यात शंका नाही. तथापि नगरपालिका शहरापुरती आणि लोकल बोर्ड खेड्यांपुरते अशी विभागणी याच काळात पक्की झाली. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे कलेक्टर. शहर आणि परिसर यांनी एकमेकांशी बोलायचे ते सरकारी अधिकाऱ्याच्या मार्फत, ही सवय येथूनच लागली असे म्हणता येईल.

स्वातंत्र्योत्तर विस्तार

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारित १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण नेतृत्वाला त्यामुळे मोठे व्यासपीठ मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींनी नाशिकचे रूप पालटले. कारखाने, वसाहती आणि रस्ते यांनी जुनी हद्द केव्हाच ओलांडली होती. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि लगतची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. म्हणजेच परिसराचा प्रश्न हद्द वाढवून सोडविण्यात आला. हद्दीबाहेर राहिलेल्या तालुक्यांशी नाते कसे असावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पाण्याचे उदाहरण

हा प्रश्न पाण्याच्या बाबतीत सर्वांत तीव्र झाला. गोदावरीवरील गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर शेती उभी राहिली आणि वाढत्या शहराची तहानही त्याच पाण्यावर भागू लागली. शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांवर, तर २०११ मध्ये सुमारे १४.८६ लाखांवर गेली. शहराची गरज वाढली की कालव्याच्या आवर्तनावर ताण येतो, हे शेतकऱ्याला आकडेवारीशिवायही समजते. यात पुढे खोऱ्याचा प्रश्न मिसळला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मध्ये समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने नाशिक व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याची चौकट ठरली आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मराठवाड्याचा हक्क न्याय्य आहे, याबद्दल दुमत असू नये. परंतु महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि खालच्या खोऱ्यातील निर्वाचित प्रतिनिधी यांनी अधिकृतपणे एकत्र बसून हा प्रश्न हाताळावा, असे पीठ नव्हते. परिणामी वाद न्यायालयात आणि रस्त्यावर गेला.

संविधानाची तरतूद आणि प्रत्यक्ष

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने यावर उपाय सुचविला होता. अनुच्छेद २४३ झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश, तर २४३ झेडई नुसार महानगर नियोजन समितीचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचितांमधून यावयाचे आहेत. महाराष्ट्रात जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद मात्र पालकमंत्र्यांकडे असते. महानगराच्या नियोजनासाठी २०१६ च्या राज्य अधिनियमानुसार नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण निर्माण झाले. २०२५ मध्ये सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण कायद्याने स्थापन करण्यात येऊन त्याची धुरा विभागीय आयुक्तांकडे देण्यात आली. ठरलेल्या मुहूर्तावर कोट्यवधींची कामे पूर्ण करायची असतील तर एकसूत्री यंत्रणा हवी, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु या काळात स्थानिक आवाजच क्षीण झाला होता. २०२२ मध्ये महापालिका आणि जिल्हा परिषद या दोहोंची मुदत संपून प्रशासकीय राजवट आली आणि महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. साधुग्रामासाठी तपोवनाची जागा देणारा शेतकरी आणि गोदाकाठचा व्यापारी यांना जाब विचारायला जवळचा प्रतिनिधी उरला नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नाशिकमध्ये शहर आणि परिसर आर्थिकदृष्ट्या एक होत गेले, पण त्यांना जोडणारी संस्था प्रत्येक वेळी वरून आली. कलेक्टरची जागा प्राधिकरणाने घेतली, एवढाच काय तो फरक झाला. युरोपातील प्रदेश समितीचे अधिकार मर्यादित आहेत आणि ती आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. तरीही ‘निर्णयापूर्वी विचारले जाण्याचा हक्क’ हा तिचा गाभा घेण्यासारखा आहे. त्यासाठी नवा कायदा शोधण्याची गरज नाही. नियोजन समित्यांना संविधानाने दिलेले स्थान प्रत्यक्षात द्यावे, प्राधिकरणांवर निर्वाचित प्रतिनिधींचे प्रमाण वाढवावे आणि निवडणुका मुदतीत घ्याव्यात, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशिकमार्गे निफाडकडे जाते. तिच्या काठच्या लोकांनी एका ठिकाणी बसून तिचा विचार करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.