दहा टक्के कमी म्हणजे किती कमी?

मित्रहो, आमचा विषय तत्त्वज्ञान. संख्याशास्त्राकडे आम्ही उशिरा वळलो, तेही कुतूहलापोटी. त्यामुळे सूत्र दिसलं की आधी त्यामागचा प्रश्न शोधायचा, ही आमची जुनी खोड. आजचा विषय आहे प्रमाण गुण, ज्याला अंगणवाडीच्या कामात झेड स्कोअर म्हणतात. भामरागडात बोलायचं तर उदाहरणासाठी लांब जायला नको. अंगणवाडीतला वजनकाटा आणि लांबी मोजायची फळी पुरेशी आहे.

समजा, दोन वर्षांचा एक मुलगा आहे, वजन 11 किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलाचं मध्यक वजन 12.2 किलो आहे. म्हणजे हा दहा टक्के कमी. त्याच वयाचा दुसरा मुलगा घ्या, लांबी 79 सेंटीमीटर. मध्यक 87.8. हाही दहा टक्केच कमी. मग दोघांची काळजी सारखीच करायची का?

नाही. निरोगी मुलांच्या वजनांत मुळातच बराच फरक असतो. दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं 10.8 ते 13.6 किलोच्या दरम्यान असतात. आपला पहिला मुलगा त्यांच्यातच बसतो. लांबी मात्र इतकी पसरत नाही. तिचं प्रमाण विचलन सुमारे 3 सेंटीमीटर आहे. दुसरा मुलगा मध्यकापेक्षा 8.8 सेंटीमीटर खाली. त्याला 3 नं भागा. जवळजवळ तीन पायऱ्या खाली! निरोगी हजार मुलांत असा एखाद-दुसराच सापडेल.

प्रमाण गुण तो हाच. मापातून मध्य वजा करायचा आणि प्रमाण विचलनानं भागायचं. किलो, सेंटीमीटर ही एककं भागाकारात निघून जातात आणि उरतं ते फक्त अंतर: नेहमीच्या फरकाच्या मानानं हे मूल किती दूर आहे? (वजनाचा पसारा दोन्ही बाजूंना सारखा नसतो, म्हणून तक्ते करणारे थोडं अधिक गणित करतात. कल्पना तीच.)

आता थोडा इतिहास. 1835 मध्ये बेल्जियमच्या क्वेतले यांनी ‘सरासरी माणूस’ मांडला. त्यांच्या लेखी सरासरी हा आदर्श आणि फरक म्हणजे निसर्गाची चूक. गाल्टननं दृष्टी फिरवली. फरक हीच अभ्यासाची गोष्ट, असं तो म्हणाला. 1894 मध्ये कार्ल पिअर्सनच्या लेखनात ‘प्रमाण विचलन’ हे नाव छापून आलं. पण हेही विसरू नका, की या दोघांनी ही मापं माणसांची आणि वंशांची प्रतवारी लावायला वापरली. म्हणून आदिवासी मुलासमोर हे हत्यार उचलताना हात जपूनच चालवला पाहिजे.

कुपोषणाच्या कामात आधी टक्केवारीच चालत होती. 1956 मध्ये मेक्सिकोच्या गोमेझ यांची वर्गवारी आली. 1972 मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मध्यकाच्या 80 टक्क्यांखाली चार श्रेण्या पाडल्या. पुढच्याच वर्षी, 23 डिसेंबर 1973 ला, बाबा आमट्यांनी इथून जवळच हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना उभा राहिला. त्या काळात देशात मूल मोजायची रीत ही टक्क्यांची होती. 1977 मध्ये वॉटरलो आणि सहकाऱ्यांनी प्रमाण गुण वापरा असं सुचवलं, पण तेव्हाचे तक्ते अमेरिकन मुलांचे होते. साहजिकच विचारलं गेलं, परक्यांची पट्टी आमच्या लेकरांना का? आणि त्याच प्रश्नाआडून दुसरं वाक्य सोयीनं पुढे यायचं: ‘ही मुलं मुळातच चणीनं लहान असतात हो.’

1997 ते 2003 या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांत मुलं मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली, सुस्थितीतल्या घरांतली. आईचं दूध, पुरेसं अन्न, वेळेवर उपचार, ही अट सगळीकडे. निष्कर्ष असा, की लांबीतल्या एकूण फरकापैकी सुमारे 70 टक्के फरक मुला-मुलांमधला आणि देशादेशांतला जेमतेम 3 टक्के. 2006 मध्ये तक्ते आले आणि 2008 मध्ये भारतानं ते स्वीकारले.

त्या मोजणीत माडिया मूल नव्हतं, हे खरं. पण सिद्ध करण्याचं ओझं आता बाजू बदललं. ‘मुळातच लहान’ म्हणणाऱ्यानं आधी त्या मुलाला पोटभर जेवण देऊन दाखवावं. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचं, तर जुना तक्ता ‘मुलं कशी आहेत’ ते सांगत होता, नवा ‘कशी वाढू शकतात’ ते सांगतो. ‘आहे’ वरून ‘असावं’ निघत नाही, हे आम्ही जन्मभर शिकवलं. इथं ‘असावं’ आधी ठरवलं आणि मग त्याप्रमाणे मुलं निवडून मोजली.

शेवटी एक सावधगिरी. उणे 2 च्या खाली निरोगी मुलंही असतात, शंभरात दोन-तीन. म्हणून एका मुलाचा उणे 2 म्हणजे शिक्का नव्हे, नीट तपासा एवढीच खूण. पण एखाद्या पाड्यावर शंभरातली तीस मुलं उणे 2 च्या खाली निघाली, तर प्रश्न मुलांचा राहत नाही, पाड्याचा होतो. प्रमाण गुण अंतर सांगतो, कारण सांगत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की धान्य, औषध, डॉक्टर कुठे अडतात, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. ते पायी जाऊन विचारावं लागतं. अंगणवाडीताई ते विचारते. तिच्या वहीतला उणे चिन्हाचा आकडा आपण वाचायला शिकलो, तर तिचे श्रम वाया जाणार नाहीत.

इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.