तंजावरची मोडी आणि हातातला जीपीएस

यंत्र आले की माणसाचे डोके चालेनासे होते, ही तक्रार फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस इजिप्तची एक गोष्ट सांगतो. थूथ नावाचा देव लेखनकला शोधतो आणि थामस राजापुढे ठेवतो. राजाला ती पसंत पडत नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लिहून ठेवायची सवय लागली की लोक लक्षात ठेवणे सोडतील आणि वरवर वाचलेला माणूसही ज्ञानी दिसू लागेल. आज मोबाइल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आपण जवळजवळ हेच बोलतो.

थामसला उत्तर द्यायला तंजावरचा एक राजा उपयोगी पडतो, सरफोजीराजे भोसले दुसरे. १७९८ साली ते गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, मान आणि तनखा उरला. लढाईचा मार्ग बंद झालेल्या या राजाने विद्येची साधने जमवली.

१८०३ साली त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. १८०५ साली देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, त्याचे नाव ‘नवविद्याकलानिधी’. इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तिथेच छापले गेले. सरस्वती महालात ताडपत्रे, कागदी पोथ्या आणि युरोपातून मागवलेली छापील पुस्तके शेजारी शेजारी राहिली. छापखाना आला म्हणून पोथ्या अडगळीत गेल्या नाहीत.

राजांना वैद्यकाची मोठी आवड होती. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी चित्रांसह करून ठेवल्या. एका रुग्णाची स्थिती दुसऱ्याशी ताडून पाहायची तर अशी नोंद हवी, नुसत्या आठवणीवर ते काम होत नाही. लेखनाने विचार वाढतो तो असा. इथे थामस चुकला.

पण तो एका बाबतीत बरोबर होता, आणि त्याचा पुरावाही इथेच आहे.

दरबाराचे दप्तर मोडीत लिहिलेले आहे. मोडी ही भरभर लिहिण्याची लिपी. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरे जोडत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. संदर्भ ठाऊक असलेला वाचक समोर आहे हे गृहीत धरूनच ती लिहिली जाई. एका अक्षराच्या बदलाने काय होऊ शकते, हे ‘ध चा मा’ची आख्यायिका ऐकलेल्या मराठी माणसाला सांगायला नको.

देवनागरीची छपाई सोपी आणि स्वस्त झाली, मोडी मागे पडली आणि विसाव्या शतकात शाळांतूनही गेली. सरस्वती महालात मोडी दप्तराची तेराशेहून अधिक बाडे आहेत. कागद शाबूत आहे, शाई दिसते, भाषा आपली मायबोली आहे, तरी आपल्यातल्या बहुतेकांना त्यातली एक ओळ लागत नाही. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांची तमिळ भाषांतरे छापली आहेत. म्हणजे तमिळ वाचकाला जे वाचता येते, ते मूळ रूपात मराठी वाचकाला येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे: नवे साधन डोके बिघडवत नाही, पण जुना सराव सुटला तर ते साधन तो परत आणून देत नाही. नकाशा आणि कंपास घेऊन रात्रीचा मार्च केलेल्यांना हे लगेच पटेल. बेअरिंग घ्यायचे, पावले मोजायची, ओढा अजून का आला नाही याचा विचार करायचा. त्यातून मुलुखाचे चित्र डोक्यात उभे राहते. जीपीएस आपली जागा अचूक सांगतो, ते चित्र मात्र देत नाही. बॅटरी संपल्यावर फरक कळतो. जीपीएस वापरावाच, पण प्रत्येक सरावात एक टप्पा तो बंद ठेवून चालावा.

निवृत्त मित्रांना एक विनंती. गावच्या घरी आजोबांची ट्रंक असेल तर उघडून पाहा. जमिनीचे किंवा इनामाचे मोडी कागद निघाले तर फोटो काढून ठेवाच. पण नातवाला सोबत घेऊन मोडीची बाराखडीही शिका. फोटो कागद जपेल, तो वाचायला माणूस लागेल.